करंगळीपर्यंत आलेला रंग

माझा दादा सुतार. सगळी कामं करायचा, पण जीव कपाटांच्या खणांवर. सांधा बसवायची वेळ आली की हातोडा बाजूला सारायचा आणि तळहाताच्या करंगळीकडच्या मांसल भागानेच ठोका द्यायचा. "हातोड्याला काय कळतंय? लाकूड बसलं की हाताला सांगतं," म्हणायचा. वहिनी लगेच, "अहो, मग हातोडा काय फोटोत धरायला आणलाय?"

एका सकाळी असाच ठोका देताना कळ मस्तकात गेली. दुपारी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेणासारखं पांढरं, गार. "आखडली असतील," म्हणत काखेत दाबून बसला. मग रंधा उचलायला गेला, तो हातातून सुटून पायाशी पडला. वहिनीने चपला घातल्या. आम्ही दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशानं लागलं?"

"काही नाही, रोजचंच काम."

"रोज हातानं ठोकतात, ते सांगा की!" वहिनी म्हणाली.

बाई एकदम पुढे सरकल्या. दादाला मूठ आवळायला लावून त्यांनी मनगटाच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबून धरल्या. "आता उघडा." तळहात कोऱ्या कागदासारखा. अंगठ्याकडची बाजू सोडली तसा गुलाबी रंग हलके हलके पसरत गेला, जणू झोपेत कुणी चालत यावं, आणि करंगळीपाशी थबकला. पुन्हा दाबून दुसरी बाजू सोडली. रंग आलाच नाही. मग एक छोटं यंत्र टेकवलं. अंगठ्याकडे पानांतून वारा वाहावा तसा रक्ताचा आवाज. करंगळीकडे नुसती शांतता. मी मनात देवाचं नाव घेत त्या शांततेतच बसले होते.

"ठोके खाऊन आतली रक्तवाहिनी दुखावलीय, त्यात गुठळी झालीय. तो भाग काढून दुसरी शीर जोडू. थांबलो तर बोटं जातील."

"मग पटाशी कशानं धरू?" दादाचा आवाज लहान मुलासारखा झाला.

ऑपरेशननंतर पट्टीतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. बाईंनी करंगळी दाबली. पांढरी. सोडली. आम्ही श्वास रोखला. खालून, कुठून तरी फार लांबून, रंग वर आला.

"हात लावून बघ गं," दादा वहिनीला म्हणाला, "गरम आहे का?"

वहिनीने करंगळी मुठीत घेतली, आणि बाई पुढच्या रोग्याकडे गेल्या तरी सोडली नाही.