न लागलेला दिवा

तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी सिग्नलला उभी होते आणि मागच्या सीटवर लेक भूगोल घोकत होती. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात तेलाच्या बुधलीचं लाल चित्र क्षणभर उमटलं आणि विझलं. मला वाटलं, काचेवर ऊन चमकलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच सिग्नलला ते परत लागलं, आणि या वेळी मी ॲक्सिलरेटर दाबेपर्यंत लागूनच राहिलं. गाडी निघाली तसं विझलं.

मी इथे आखातात, सालमियातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. लेकही तिथेच शिकते. आम्ही राहतो मंगफला, त्यामुळे रोज सकाळी फहाहील रोडने वर जायचं आणि दुपारी आग ओकणाऱ्या उन्हात त्याच रस्त्याने खाली यायचं. नवरा दक्षिणेकडच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. प्रेशर, तापमान, गॅस मोजणारी उपकरणं आणि ती बिनसली की बोंबलणारे अलार्म, हा त्याचा पहिला संसार. आम्ही दोघी दुसरा. अलार्म वाजला की त्याचा पहिला संशय अलार्मवरच. फ्रिज पीं पीं करायला लागला तर हा दरवाजा लावायच्या आधी दरवाज्याचा स्विच तपासतो.

दिव्याचं सांगितलं तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "सेन्सर असेल."

"तू बघितलास तरी का?"

"मी चालवतो तेव्हा लागत नाही."

आता हा चालवतो कधी, तर संध्याकाळी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, दूध आणायला. पण तसं म्हटलं असतं तर जेवण लांबलं असतं, म्हणून मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, त्याने गाडी जॅकवर घेतली. इथे उन्हाळ्यात बाहेरचं कुठलंही काम पहाटेच उरकावं लागतं. दुपारी नुसता पाना हातात धरला तरी चटका बसतो. त्याने इंजिनवरचा तो सेन्सर काढला, त्या जागी मित्राकडून आणलेलं गेज लावलं आणि मला गाडी चालू करायला सांगितलं. काटा झटकन वर गेला आणि तिथेच राहिला. "बघ, तेलाचं प्रेशर ठणठणीत आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला बघवत नव्हतं, पण काट्याशी भांडण तरी कसं करणार? नवा ओरिजिनल सेन्सर मागवतो म्हणाला. मी चहा टाकायला वर आले.

त्यानंतर दिवा लागला नाही. एकदाही नाही. सप्टेंबर आला तरी ऊन ओसरलं नव्हतं, सिग्नल तेवढेच लांब होते, आणि मी दर सिग्नलला त्या कोपऱ्याकडे बघायचे. तिथे काळोख असायचा. दिवा लागत होता तेव्हा निदान कळत होतं की काहीतरी आहे. मी स्वतःला समजावलं की बाई, तुला सुख दुखतंय.

मग एका दुपारी शाळा सुटल्यावर लेक वाचनालयात रेंगाळली होती आणि मी गाडीत बसून तिची वाट बघत होते. काचा खाली करायच्या म्हणून किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लागले. बॅटरी, इंजिन, एअरबॅग, हँडब्रेक. मला गाडी शिकवणारा माणूस फार तिरसट होता, पण त्याने एक गोष्ट डोक्यात कायमची बसवली होती: किल्ली फिरवली की आधी सगळे दिवे लागले पाहिजेत, इंजिन चालू झालं की विझले पाहिजेत. लागलाच नाही तो दिवा आंधळा. तेलाच्या बुधलीची जागा काळी होती. मी किल्ली बंद केली, परत फिरवली. परत काळी. आणखी एकदा करून बघितलं, तरी काळीच.

नवऱ्याला फोन करून उपयोग नव्हता. प्लांटमध्ये शटडाउनचं, म्हणजे एकेक भाग बंद ठेवून दुरुस्तीचं, काम चाललं होतं आणि आत मोबाईल न्यायला बंदी आहे. लेक आली, बॅग टाकली आणि म्हणाली, "कॅन वी गो?" मी निघाले. तेव्हा मला वाटत होतं की बल्ब गेला असेल. तसं वाटून घेणं सोयीचंही होतं.

हमरस्त्याला लागल्यावर मी एसी बंद केला.

"व्हॉट आर यू डुइंग? इट्स सो हॉट."

"जरा गप्प बस. मला इंजिन ऐकायचंय."

वेगात काही वेगळं ऐकू येत नव्हतं. उजवीकडून पाण्याचे टँकर, मागून हेडलाइट मारत येणाऱ्या मोठाल्या जीपा. मधल्या लेनमध्ये या वेगाला इंजिन जाम झालं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, तर मला गाडी कडेला घेता येईल का, याचा मी विचार करत होते. आरशात लेकीचा घामेजलेला चेहरा दिसत होता. मला एवढी भीती त्या रस्त्यावर कधी वाटली नव्हती. पुढे वाहनं तुंबली आणि आम्ही थांबलो, तेव्हा ते ऐकू आलं. बॉनेटखालून, बारीक, सुक्या हाडासारखं. टक, टक, टक. ॲक्सिलरेटर दाबला की थांबायचं, सोडला की परत सुरू.

"आई, हा कसला आवाज?" लेक चक्क मराठीत म्हणाली.

पहिल्या पेट्रोल पंपावर मी गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं. थोडं थांबून तेलाची पट्टी काढून पुसून बघितली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. कमी असतं तर जीव भांड्यात पडला असता. ओतलं की झालं. भरलेलं होतं, म्हणजे ते इंजिनात वर चढतच नव्हतं, म्हणूनच घाबरले. गाडी तिथेच ठेवून आम्ही टॅक्सीने घरी आलो.

संध्याकाळी तो आला. मी सगळं सांगितलं. तो बूट काढत होता, मान खालीच होती.

"बल्ब नाही गेलेला," तो म्हणाला. "वायर मी काढून ठेवलीय. नवा सेन्सर येईपर्यंत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू रोज त्या दिव्याकडे बघत गाडी चालवायचीस. घाबरून कुठेतरी ठोकली असतीस. आणि प्रेशर मी मोजलं होतं ना."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने गाडी क्रेनने उचलून शुवैखच्या गॅरेजमध्ये नेली. मीही हट्टाने गेले. मेकॅनिकने इंजिन तापवलं आणि गेज लावलं. काटा हळूहळू खाली आला आणि जवळजवळ शून्यावर लोळला. मग इंजिनखालचं तेलाचं भांडं उतरवलं. तेल ओढून घेणाऱ्या जाळीत काळा गाळ आणि सीलंटचे तुकडे गच्च बसले होते. नवऱ्याने भांड्यातल्या तेलात बोट बुडवून उन्हात धरलं. बोट चमकत होतं. ती बेअरिंगची झीज होती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी गार इंजिनवर मोजलं," तो म्हणाला. "गार तेल जाड असतं. प्रेशर दाखवणारच."

मेकॅनिक म्हणाला, "हायवे पे जाम होता तो पलट जाता, भाई." नवऱ्याने बोट चिंधीला पुसलं, परत पुसलं.

त्या संध्याकाळी लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती आणि आम्ही स्वयंपाकघरात होतो. माझा राग गेला नव्हता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं.

"तिथेही असंच करता का रे?" मी विचारलं. "वाजणारा अलार्म काढून ठेवता?"

"तिथे पद्धत असते. परवानगी घ्यायची, टॅग लावायचा, पुढच्या शिफ्टला सांगायचं."

"मग मला का नाही सांगितलंस? त्या गाडीची पुढची शिफ्ट मीच होते."

"तुला घाबरवायचं नव्हतं, एवढंच."

"मग तुला घाबरवायचं नाही म्हणून तिथे कुणी काय काय सांगत नसेल?"

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. गॅस बंद करून तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"आमच्या कंप्रेसरपाशी गॅस गळतीचा एक अलार्म आहे," तो म्हणाला. "सारखा वाजायचा. आता वाजत नाही. मला वाटलं, कुणीतरी दुरुस्त केला."

त्याने दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. तो घरीच होता. मागे टीव्हीचा आवाज येत होता. नवऱ्याने विचारलं आणि पलीकडचा माणूस अगदी मोकळेपणाने म्हणाला, "अरे, वो तो हम लोगों ने कब का निकाल दिया. फालतू बजता था. तेरे को किसी ने बताया नहीं?"

नवऱ्याने फोन ओट्यावर ठेवला. शटडाउन सुरू झाल्यापासून तो रोज त्याच कंप्रेसरखाली बसून काम करत होता.