म्हातारी बंदरात राहिली ते वर्ष

बोलावणं आलं तेव्हा शिंपलेबाई कोपरापर्यंत हात टाकीत घालून बसल्या होत्या. समुद्राचं पाणी खेळवलेल्या त्या टाकीत त्यांचे शिंपले होते आणि त्यातला एक काही केल्या तोंड उघडत नव्हता. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"बाई, अध्यक्षसाहेब आलेत. संचालकांच्या खोलीत बोलावलंय तुम्हाला."

"मला? काय केलं मी?"

"ते माहीत नाही. पण चहा दोनच कप सांगितलाय."

संस्था समुद्राचा अभ्यास करणारी, सरकारी. किनाऱ्याला पाठ लावून उभी असलेली लांबुळकी इमारत, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज पोखरलेले, जिन्यात औषधी द्रावाचा वास आणि मागे धक्क्याला बांधलेलं संशोधनाचं जहाज. त्याला कागदावर भारदस्त नाव होतं, पण सगळे त्याला म्हातारी म्हणत. आधीच्या संचालकांनी कंटाळून राजीनामा दिला होता आणि त्यांच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता. एक लाटा आणि प्रवाह यांच्या विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे लाटावाले म्हणत. दुसरे मासेवाले. नियामक मंडळातली निम्मी माणसं याच्या बाजूची, निम्मी त्याच्या. बैठकीमागून बैठक झाली, पण निकाल लागेना.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. समुद्रातलं त्यांना पोहण्यापलीकडे फारसं कळत नसे. भांडणातलं मात्र सगळं कळे. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं आणि आडवळण न घेता विचारलं, "नवा माणूस मिळेपर्यंत प्रभारी संचालक व्हाल का?"

"मीच का?"

"खरं सांगू? तुमच्या नावाला दोन्ही बाजूंनी कुणी हरकत घेतली नाही."

"म्हणजे मी कुणाच्या लक्षातच नव्हते."

अध्यक्ष हसले. "तसंही म्हणता येईल."

बाईंनी घरी विचारून सांगते म्हटलं. घरी नवरा, शाळेतला गणिताचा मास्तर, भाजी चिरत होता, आणि सासूबाई खुर्चीत बसून त्याच्या चिरण्यातल्या चुका काढत होत्या. सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "प्रभारी म्हणजे काय गं? म्हणजे पाहुण्यासारखं राहायचं. पंख्याचा वेगसुद्धा विचारून वाढवायचा."

"तसंच काहीसं, आई."

"मग घे. पाहुण्याला निदान कुणी भांडी घासायला लावत नाही."

नवरा म्हणाला, "तुला हवंय का ते सांग आधी."

आयुष्यभर बाईंनी शिंपल्यांवरच्या रेघा वाचल्या होत्या. झाडाच्या खोडात जशी वलयं, तशा शिंपल्यावर वाढीच्या रेघा असतात. कुठल्या वर्षी पाणी तापलं, कुठल्या वर्षी उपासमार झाली, ते त्यावरून कळतं. त्या कामात त्या बऱ्या होत्या, थोर नव्हत्या, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण दोन विभागांच्या ओढाताणीत तरुण पोरापोरींची होणारी फरफट त्यांनी जवळून पाहिली होती. "नको म्हटलं तर उद्यापासून मला चैन पडणार नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली आणि चिरलेली भाजी कढईत टाकली.

खुर्चीवर बसल्यावर पहिली गोष्ट बाईंना कळली ती अशी, की आता त्यांना कुणी काही सांगत नाही. धक्क्यावरच्या शेडमध्ये चहाच्या वेळी पूर्वी त्यांच्यासमोर वाटेल ते बोललं जाई. आता त्या दिसल्या की बोलणं आटायचं, कुणीतरी खुर्ची पुसायचं आणि "मॅडम, बसा ना" म्हणायचं. कालपरवापर्यंत बाई होत्या, त्या एका रात्रीत मॅडम झाल्या. सगळं छान चाललंय असं जो तो सांगे. इमारतीचा पंप बंद पडला हे त्यांना नळ उघडल्यावर कळलं.

बाकी काम त्यांनी घरच्यासारखंच केलं. कुणाला टाकी हवी, कुणाला रजा, कुणाच्या प्रयोगशाळेत पाऊस गळतो. लाटावाले आणि मासेवाले जहाजाच्या दिवसांवरून भांडायला आले की त्या दोघांनाही पूर्ण बोलू देत. बोलून बोलून दमले की वाटणी करून देत. दोघांनाही ती थोडी थोडी नावडे. त्यावरून वाटणी बरी झाली असावी, असं त्या मास्तरांना सांगत.

मग समुद्रमोहिमेचा हंगाम आला. म्हातारीची सरकारी पाहणी झाली होती आणि जायला हरकत नाही असा शेरा मिळाला होता. बाई वेळापत्रक घेऊन स्वतः धक्क्यावर गेल्या. कप्तान उंच, कमी बोलणारा माणूस होता, निवृत्तीला आलेला. त्याने प्रत्येक गोष्टीला "होय मॅडम" म्हटलं.

"जहाज ठीक आहे ना?" बाईंनी सहज विचारलं.

"पाहणी झालीय, मॅडम."

"ते मला माहीत आहे. तुम्ही जाल ना?"

"तुम्ही सांगितलंत तर जाईन."

बाई परत निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळालेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या हाताने गेल्या. कप्तानाच्या केबिनमध्ये एकच खुर्ची होती. त्या बिछान्याच्या कडेला बसल्या. "मॅडम म्हणू नका," त्या म्हणाल्या, "पूर्वी बाई म्हणत होतात तेच बरं होतं. मला एक सांगा. तुम्ही कधी जायला नकार दिला होता का?"

कप्तान म्हणाला, "एकदा दिला होता. फार जुनी गोष्ट. तेव्हाच्या संचालकांनी दुसरा कप्तान आणला आणि जहाज पाठवलं. मला भांडारात बसवलं, दोऱ्या आणि रंगाचे डबे सांभाळायला. चांगली दोन वर्षं."

"जहाजाचं काय झालं?"

"सुखरूप परत आलं, बाई. तोच तर माझा गुन्हा झाला. बुडालं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. पण तसं कुणी मनात तरी आणेल का?"

बाईंनी विचारलं, "आणि आता?"

"आता सांगता येत नाही. मागच्या फेरीत मोठ्या लाटेवर चढताना ती आवाज करत होती. पूर्वी तसा करायची नाही. तळाचे पत्रे झिजलेत, पण किती झिजलेत म्हणजे फार, ते मला ठरवता येत नाही. घाबरायचं कारण आहे की वय झाल्यामुळे मीच घाबरतोय, तेही कळत नाही." तो थांबला. "पण परतीच्या वाटेवर खलाशी पायात बूट घालून झोपत होते, रात्री जहाज सोडायची वेळ आली तर म्हणून. ते मी कुणाला सांगितलं नाही."

बाईंनी मोहीम थांबवली. म्हातारीला दुरुस्तीच्या गोदीत पाठवायचं ठरवलं. म्हणजे तो हंगाम गेलाच.

संस्थेत वणवा पेटला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लाटावाले आणि मासेवाले एकत्र आले. लाटावाल्यांची यंत्रं खोल समुद्रात तळाला बांधून ठेवलेली होती. वेळेत वर काढली नाहीत तर त्यांची बॅटरी संपणार, काही वाहून जाणार. त्यांच्या हाताखालच्या एका मुलीचा सगळा प्रबंध त्या यंत्रांवर अवलंबून होता.

"पाहणी करणारे मूर्ख आहेत का?" लाटावाले टेबलापाशी उभे राहूनच बोलत होते. "उद्या कुणी म्हणेल छत पडेल असं वाटतंय, तर इमारत रिकामी कराल?"

"कदाचित करेन."

"तुम्हाला सोपं आहे. शिंपल्यांना जहाज लागत नाही. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरलं की झालं तुमचं संशोधन."

ते बाईंना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. त्यांचं स्वतःचं काहीच बुडत नव्हतं. संध्याकाळी ती प्रबंधवाली मुलगी आली. भांडली नाही, रडलीही नाही. "पुढच्या हंगामात नक्की ना?" एवढंच तिने विचारलं. बाईंना नक्की म्हणता आलं नाही. त्या रात्री जेवताना त्यांचा घास फिरत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "एवढं सोसवत नाही तर पाठवून दे जहाज."

"आणि काही झालं तर?"

"मग आता जे खातेयस ते तरी चावून खा."

अध्यक्षांचा फोन आला. "पाहणीत पास झालेलं जहाज तुम्ही कशाच्या आधारावर थांबवलंत?"

"माणसं बूट घालून झोपतात, या आधारावर."

अध्यक्षांनी विचारलं, "हे मंडळापुढे सांगणार आहात तुम्ही?"

"दुसरं काही नाहीच माझ्याकडे."

मंडळापुढे त्यांनी तेच सांगितलं, कप्तानाला विचारून. कुणीतरी हसलं. सरकारी खात्याचे प्रतिनिधी म्हणाले की भावनेवर संस्था चालत नाही. पण अध्यक्षांनी एकच विचारलं, "या बैठकीतलं कोण स्वतः त्या जहाजावर जाणार आहे?" कुणी हात वर केला नाही. निर्णय कसाबसा बाईंच्या बाजूने लागला.

पुढचे महिने बाईंनी दुसऱ्या संस्थांचे उंबरठे झिजवले. फोन केले, आर्जवं केली, एका मोठ्या संस्थेच्या जहाजावर त्या मुलीसाठी एक जागा मिळवली. मुलगी जाऊन आली. निम्मी यंत्रं सापडली, निम्मी समुद्राने ठेवून घेतली. किनाऱ्याजवळच्या कामासाठी संस्थेची एकच छोटी बोट उरली होती. तिच्यात लाटावाल्यांची आणि मासेवाल्यांची माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसू लागली. सुरुवातीला डब्यांच्या जागेवरूनही कुरबुर झाली. पुढे नाइलाजाने का होईना, एकाच जागेचं पाणी आणि मासे दोन्ही एकाच दिवशी मोजले जाऊ लागले.

गोदीतून अहवाल आला. बाईंनी तो खोलीचं दार लावून वाचला. पत्रे पुष्कळ ठिकाणी पातळ झाले होते, बदलायलाच हवे होते. पण शेवटी अभियंत्यांनी स्पष्ट म्हटलं होतं, की तो एक हंगाम जहाजाने बहुधा काढला असता.

पहिला अर्धा भाग सांगून उरलेला गिळून टाकणं अवघड नव्हतं. बाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं, शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत, आणि दोन्ही भाग वाचून दाखवले.

"म्हणजे आमचं वर्ष उगाच वाया गेलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"उगाच की नाही ते मला सांगता येत नाही. वाया बरंचसं गेलं, हे खरं. ती जबाबदारी माझी. कप्तानांनी मला थांबवा असं सांगितलं नव्हतं. त्यांनी मी विचारलं तेवढं सांगितलं." बाईंनी अहवाल मिटला. "मी पुन्हा त्या जागी असते तर पुन्हा थांबवलं असतं. पण मला एक गोष्ट बदलायची आहे. जहाजाने निघायचं की नाही, हा शेवटचा शब्द कप्तानाचा असावा. संचालकाला तो फिरवता येऊ नये. आणि नाही म्हणणाऱ्याची कुठेही बदली होऊ नये, जहाज बुडो की न बुडो."

सभागृहात कुजबूज झाली. लाटावाले पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. ते उठले, तेव्हा आता पुन्हा तोफ डागली जाणार असंच सगळ्यांना वाटलं.

"मागच्या फेरीत मी होतो," ते म्हणाले. त्यांना शब्द शोधावे लागत होते. "बूट मीही काढले नव्हते. मला माझी यंत्रं हवी होती, म्हणून बोललो नाही. नियमाला माझा पाठिंबा आहे." एवढं बोलून ते बसले आणि कुणाकडेही न पाहता चष्मा पुसत राहिले.

नियम अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि मंडळाने तो मान्य केला. खात्याच्या प्रतिनिधींनी विरोध नोंदवला, तोही व्यवस्थित नोंदवून घेतला गेला.

त्यानंतर कायम संचालकाच्या जागेची जाहिरात निघाली. बाईंनी अर्ज करावा असं काहींनी सुचवलं, त्यात ती प्रबंधवाली मुलगी होती, याचं बाईंना फार अप्रूप वाटलं. त्यांनी अर्ज केला. मुलाखतही दिली. निवड झाली ती बाहेरच्या एका हुशार, तडफदार गृहस्थांची. बाईंना वाईट वाटलं, आणि इतकं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मास्तरांनी त्या दिवशी काही समजावलं नाही. दोघं किनाऱ्यावर लांबवर चालून आले. सासूबाई म्हणाल्या, "माणसं ओळखायला वेळ लागतो. मलाही तुला ओळखायला लागलाच की."

बाई आपल्या टाक्यांकडे परतल्या. चहाच्या शेडमध्ये त्या आल्यावर बोलणं थांबेनासं व्हायला बरेच दिवस लागले.

जुना कप्तान निवृत्त झाला, त्याच्या जागी एक तरुण बाई आली. नव्या पत्र्यांची म्हातारी दोन फेऱ्या करून आली. तिसऱ्या फेरीच्या सकाळी पेट्या चढल्या, माणसं चढली, आणि नव्या कप्तानबाईंनी वाऱ्याचा रागरंग पाहून आज निघायचं नाही असं सांगितलं. आकाश स्वच्छ दिसत होतं. नवे संचालक धक्क्यावर आले, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, जहाजाकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि काही न बोलता परत गेले.

माणसं बडबडत पेट्या उतरवू लागली. दुपारपर्यंत वारा काही वाढला नाही, तेव्हा बडबड आणखी वाढली. शिंपलेबाई ओहोटीहून चिखलाच्या पायांनी परत येत होत्या. एका पेटीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते त्यांनी धरलं.

"बघा ना बाई," पेटीवाला म्हणाला, "एवढं स्वच्छ आहे आणि म्हणे नाही जायचं. कुणी काही बोलत पण नाही तिला."

"हो ना," बाई म्हणाल्या. "जरा तुझी बाजू उचल, जिना आला."