मिरची कांडपातले तीन कामगार

गेल्या उन्हाळ्यात मेहकरच्या एका मिरची कांडपाला एका खानावळीच्या वर्षभराच्या मसाल्याची ऑर्डर मिळाली. त्या दिवशी मी घरची मिरची घेऊन तिथे रांगेत होतो.

कांडपाची मालकीण पन्नाशीची, तोंडाला ओढणी बांधलेली. गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी त्या बाई सवयीने बोटांनीच सांगायच्या. त्यांचे तिन्ही कामगार कर्णबधिर. पावसाळ्यात मिरची येत नाही, म्हणून दरवर्षी त्यांतल्या एकाला चार महिने घरी बसावे लागे. ही ऑर्डर मिळाली तर तिघांनाही बारमाही काम मिळणार होते.

खानावळवाला एका कामगाराला ओरडून विचारत होता, मसाला किती बारीक निघेल.

"भाऊ, गळा काऊन फाडून राह्यले?" बाई म्हणाल्या. "मशीनपाशी मलेही ऐकू येत नाही. बोटानं दाखवा."

त्याने चिमूट चोळून दाखवली. कामगाराने मान डोलावली.

"पण मशीन बिघडलं त यायले कसं समजन?" खानावळवाल्याने बाईंना विचारले.

बाई मिरची निवडत राहिल्या. थोड्या वेळाने दुसऱ्या कामगाराने मशीनवर टेकवलेला तळवा उचलला आणि बटण बंद केले. आत एक बोल्ट ढिला झाला होता. आम्हा ऐकणाऱ्यांना आवाजात काहीच फरक जाणवला नव्हता.

"दया करून ऑर्डर देऊ नका भाऊ," बाई म्हणाल्या. "मसाला पाहून द्या."

त्याने मसाला चोळून, हुंगून पाहिला आणि ऑर्डर दिली.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा गेलो. तिन्ही कामगार कामावर होते.