कपेलाचं शीड

कपेलाचं छप्पर उडालं तेव्हा माझे वडील त्याला लोंबकळत होते. खाली पाद्रीबाबा डोळे मिटून प्रार्थना सांगत होते. त्यांनी डोळे उघडले, तर वर निळं आकाश आणि आमचे बाबा भिंतीपलीकडे निघालेले. प्रार्थना भलत्याच माणसाला लागू पडली, असं त्यांना वाटलं असणार.

कपेल म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं ख्रिस्ती लोकांचं चिमुकलं देऊळ. चिऱ्याच्या चार भिंती, छप्पर नाही. (जुनं छप्पर वादळात गेलं होतं. नवं घालायचं, हे माझ्या जन्माआधीपासून ठरत होतं.) पाद्रीबाबा फक्त उन्हाळ्यात येत, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी छप्पर म्हणून आमच्या मचव्याचं शीड लावत. आम्ही हिंदू. पण माझ्या आजोबांचा मचवा एकदा तिथल्या खडकावर चढला, तेव्हा प्रार्थना अर्धी टाकून त्या लोकांनी माणसं बाहेर काढली होती. तेव्हापासून रविवारी शीड त्यांचं, एरवी आमचं.

शीड तिकोनी, देऊळ चौकोनी. एक कोपरा उघडा राही. तिथे पाद्रीबाबा उन्हात उभे राहत, त्यामुळे प्रवचन आटोपशीर होई. प्रवचनानंतर पाववाल्याची बायको रोझीनमावशी आम्हा पोरांना भट्टीतले कडक बटर वाटायची. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी मात्र पाद्रीबाबांना ऊन सोसेना. ते बाबांना म्हणाले, "तांडेल, शीड जरा माझ्याकडे सरकवता येईल का?"

बाबा मचव्याचे तांडेल, म्हणजे कप्तान. शिडाबद्दल त्यांना कुणी 'येईल का' विचारायचं नाही.

"येईल का म्हणजे? मी फिरवीन तिथे फिरेल."

आई म्हणाली, "अहो, परवा निघायचंय. शिडाला काही झालं तर पोरगी जाणार कशी?"

पोरगी म्हणजे मी. चौथी पास झाले होते. पुढच्या शाळेसाठी दाभोळला मावशीकडे राहायचं ठरलं होतं. मावशीचे यजमान एकदाचे हो म्हणाले होते, आणि ते वरचेवर हो म्हणणारे नव्हते. पावसाआधीची मचव्याची शेवटची खेप परवा निघणार होती. माझी ट्रंक भरून ओटीवर ठेवलेली, आणि मी गावभर सांगत फिरत होते की आता मी इंग्रजी शिकणार.

"दोन टोकं बांधतो. तिसऱ्याचा दोर माझ्या हातात. मग तर झालं?" बाबा म्हणाले.

आता शिडाचं तोंड समुद्राकडे झालं. पाद्रीबाबांना सावली मिळाली, त्यामुळे प्रवचन लांबलं. लांबलं ते इतकं, की शेवटच्या प्रार्थनेपर्यंत दुपारचा खारा वारा सुटला.

दुसऱ्या कुणी दोर सोडून दिला असता. पण मचव्यावर जन्म काढलेल्या माणसाला शिडात वारा भरला की एकच सुचतं, दोर खेचायचा. बाबांनी खेचला. शीड टम्म फुगलं. बाबांना आनंद झाला.

"धोंडू, लाव रे हात."

धोंडू आमचा खलाशी, भिंतीशी डुलक्या काढत होता. उठला आणि लागला खेचायला. ते बघून प्रार्थनेतले दर्यावर्दीही उठले. दोर दिसल्यावर त्यांना बसवेना. "हय्या, हय्या" सुरू झालं. पाद्रीबाबांना वाटलं लोकांना भक्तीचा उमाळा आला. त्यांनी डोळे अधिक गच्च मिटून आवाज चढवला.

आई ओरडली, "अहो, सोडा तो दोर. देऊळ आहे ते, मुंबईला न्यायचंय का?"

"थांब गो. आत्ता कुठं वारा लागतोय."

मग शिडाची दोन टोकं ज्यांना बांधली होती ते दोन्ही खांब भिंतीतून उपटून निघाले. बाकीच्यांनी दोर सोडला. बाबांनी नाही सोडला. ते शिडाबरोबर भिंत ओलांडून मागच्या केवड्याच्या बनात पडले. बाबा बाहेर आले ते काट्यांनी भरून. शीड बाहेर आलं ते चिंध्या होऊन.

पाद्रीबाबा धावत आले. "देवाची कृपा. कुणी दगावलं नाही."

"शीड दगावलं," आई म्हणाली. मग बाबांच्या पाठीतले काटे उपटत म्हणाली, "त्यांनी सांगितलानी आणि तुम्ही केलंत."

"वारा चांगला होता," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, पोरीला आगबोटीने पाठवा. बाबा भडकले. "तांडेलाची पोर आगबोटीतून जाणार? बंदरावर तोंड कसं दाखवू?" रोझीनमावशी आणि तिच्याकडच्या बायका, आमच्या आळीतल्या बायका, सगळ्या त्या उघड्या कपेलात बसून शीड शिवत होत्या. मीही शिवलं. बोटं फुटली. ठिगळं संपायच्या आत पाऊस आला आणि दर्या बंद झाला. ट्रंक ओटीवरून माळ्यावर गेली. दाभोळहून मावशीच्या यजमानांचा निरोप आला, आता राहू दे.

पुढच्या उन्हाळ्यात शीड तयार होतं. तोवर माझं लग्न ठरलं होतं. मांडवावर तेच ठिगळांचं शीड घातलं. या खेपेला बाबांनी तिन्ही टोकं गच्च बांधली. अंतरपाटामागे उभी राहून मी सारखी वर बघत होते. वाराही होता. पण ते उडालं नाही.

बाबा, आई, धोंडू, रोझीनमावशी, पाद्रीबाबा, सगळे आपापल्या वेळेला गेले. शीड उडालं त्या दिवशी त्याच्याखाली होते त्यांतली मी एकटी उरले आहे. चौथी पास.