त्याच दिवशीची दुसरी अन्ना

संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी सन १९०० च्या दुष्काळात कोणीतरी अन्नपूर्णाबाईंना आमच्या मिशनच्या दारात सोडून गेलं. तेव्हा त्या जेमतेम चालत्या-बोलत्या असतील. आई आठवत नव्हती, गावही नाही. मिशनात त्यांचं नाव अन्ना पडलं, लोकांनी त्याचं अन्नपूर्णा केलं. पुढे तीसेक वर्षांनी तेव्हाच्या फादरांनी बाप्तिस्म्याची जुनी वही चाळून त्यांना भाऊ शोधून दिला, बीबी गावचा पुंजाजी. त्याच्या आईने त्याच्या आजारी बहिणीला, सोजराला, त्या दुष्काळात मिशनात ठेवलं होतं आणि न्यायला यायच्या आधी ती स्वतःच गेली. तेव्हापासून बाई दर भाऊबीजेला बीबीला जात. गळ्यात क्रूस घालून ओवाळणाऱ्या या बहिणीचं गावाला नवल राहिलं नव्हतं. पुंजाजी त्यांना सोजरा म्हणे आणि न चुकता चोळी करी.

देऊळगाव राजाच्या बाजूला असलेल्या त्या मिशनात मी शाळामास्तर. थोडं लॅटिन येतं, म्हणून त्या वह्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या. चौसष्ट साली दिवाळीच्या तोंडावर बाई आल्या. आपल्या थडग्यावर बापाचं नाव घालायचं होतं, ते वहीतून जसंच्या तसं उतरवून हवं होतं.

ओळ सापडली. अन्ना, मुलगी, बीबीची, बापाचं नाव. पण समासात बारीक क्रूस होता, आणि आमच्या वह्यांत त्याचा अर्थ एकच, मूल दगावलं. दफनाच्या वहीत पाहिलं, तर त्याच आठवड्यात तिला पुरल्याची नोंद होती.

दुष्काळात मरणाच्या दारातल्या पोरांना घाईने बाप्तिस्मा देत आणि ज्या संताचा सण असेल त्याचंच नाव सगळ्यांना ठेवत. तो दिवस संत अन्नाचा होता. खालच्याच ओळीत आणखी एक अन्ना होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, आईबाप माहीत नाहीत. समास कोरा होता. जगलेली ही, म्हणजे आमच्या बाई. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण त्या फादरांचा मला आजही राग येतो. बोट एक ओळ खाली न्यायला काय झालं होतं त्यांना?

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. लपवणं जमलं नाही, सांगून टाकलं. त्यांनी अंगातल्या चोळीची बाही चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्सं तिच्या चोळ्या म्या घातल्या."

त्यानंतर त्यांचं अन्न तुटलं. जेवायला बसलं की एक लहान पोर दारात येऊन उभी राहते, म्हणायच्या. आत येत नाही, जातही नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्यांच्या घरी चहा पिताना मी दाराकडे पाठ करून बसायला लागलो, हे खरं.

कशाला सांगता, पुंजाजी म्हातारा झालाय, चाललंय तसं चालू द्या, असं मी परोपरीने समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. "तिच्यावर कोनीच रडलं नाही, मास्तर," म्हणाल्या.

भाऊबीजेला मी त्यांच्यासोबत बीबीला गेलो. पुंजाजी पाटावर बसला होता. ओवाळायच्या आधीच बाईंनी सगळं सांगितलं. त्याने पुरतं ऐकून घेतलं आणि तिला कुठे पुरलं ते मला विचारलं. दुष्काळातल्या पोरांच्या वेगळ्या खुणा ठेवलेल्या नाहीत, असं मी सांगितलं. मग तो पाटावर बसूनच रडला, घरात आत्ताच कोणी गेल्यासारखा. सुना आतून येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

बाई ओवाळणीचं ताट घेऊन निघायला उठल्या. त्याने हात धरून त्यांना परत बसवलं आणि ओवाळायला सांगितलं. त्यांनी ओवाळलं. नव्या चोळीचं कापड हातात घेऊन तो दरवर्षीसारखी हाक मारायला गेला आणि थांबला. ते नाव आता त्याच्या तोंडून निघेना.

"बाई," तो हलकेच म्हणाला, "तुह्या मायनं तुले काय नाव ठेवलं होतं वं?"

बाईंचे ओठ हलले. आम्ही सगळे थांबून राहिलो. नाव काही आलं नाही.