पहिल्या पानावरचं नाव

मेश्राम सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी नऊच्या बॅचची हजेरी घेत होते. त्यांच्या मुलीचा फोन होता. पहाटे, झोपेतच... मी फोन ठेवला, बॅच दुसऱ्या सरांकडे सोपवली, फळ्यावर सूचना लिहिली आणि मग खुर्चीत बसले. त्याला पाच आठवडे झाले. रडू फारसं आलं नाही, राग मात्र रोज येतो.

इंदूरच्या जुनी इंदूर भागातल्या आमच्या क्लासमध्ये प्रल्हाद मेश्राम एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. मी तिथलं कार्यालय बघते; वेळापत्रक, प्रवेश, छपाई. सरांचे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, आणि नातवाच्या इस्त्रीच्या शर्टावरून ते कळायचं. कॅन, कुड, मस्ट, वुड ही छोटी क्रियापदं आणि त्यांच्यासोबत येणारे वेळेचे शब्द हा सरांचा खास विषय. बाकीचे शिक्षक या क्रियापदांचे अर्थ पाठ करून घेतात. सर म्हणत, एकट्या शब्दाला अर्थ विचारू नका, त्याच्याबरोबर कुठली वेळ आली आहे ते बघा. ‘ही मस्ट गो टुमॉरो’ म्हणजे त्याला उद्या जाणं भागच आहे. ‘ही मस्ट बी देअर बाय नाऊ’ म्हटलं की सक्ती संपली; एव्हाना तो पोहोचला असणार, हा नुसता अंदाज. हे ते फळ्यावर इतकं सरळ मांडत की मागच्या बाकावरचेसुद्धा माना वर करत.

त्यांचा नियम एकच होता. वाक्य स्वतःच्या घरातून, गल्लीतून आणायचं, पुस्तकातलं चालणार नाही. एकानं जॉनचं वाक्य आणलं तेव्हा सरांनी त्याला विचारलं, “हा जॉन राहतो कुठे, भिया? परदेशीपुऱ्यात? नाही ना... मग तो वेळेवर पोहोचला काय नि न पोहोचला काय, तुला काय फरक पडतो?” वर्ग हसला, पण दुसऱ्या दिवसापासून वाक्यं घरातली यायला लागली. शिवणकाम करणारी सविता परदेशीपुऱ्याची, म्हणजे कापड मिलच्या कामगारांच्या वस्तीतली. ती म्हणाली, या वेळेला आमचे बाबा मिलमध्ये असायचे. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘ॲट धिस टाइम माय फादर वुड बी ॲट द मिल.’ वुडखाली रेघ मारली आणि सांगितलं, ही रोजची गोष्ट होती, आता नाही. मिल बंद पडलेली सगळ्यांनाच माहीत होती.

अशा वाक्यांची सरांनी सरावपुस्तिका तयार केली. दोन उन्हाळे घातले त्यात. टाइप मी केली. संचालकांनी चाळली आणि म्हणाले, “मॅडमजी, ये मिल-विल, पोहे-बिहे काढून टाका. जॉन टाका, लंडन टाका. स्टँडर्ड वाटायला पाहिजे.” शिवाय पुस्तिका संस्थेची, म्हणून नावही फक्त संस्थेचंच. मी काढलं. सगळं एका दुपारी, नीटनेटकं, एकही चूक न करता. काम चोख केल्याचा मला त्या दिवशी अभिमानसुद्धा वाटला असेल, आता आठवून संताप होतो.

सरांना सांगितलं, पुढच्या छपाईला तुमचं नाव घालून घेते. ते म्हणाले, “माझ्या नावाचं राहू द्या, कुंदाजी. सविताचं वाक्य का काढलं? तिनं विचारलं तर मी काय सांगू?” मी संचालकांकडे बोट दाखवून मोकळी झाले. पुस्तिका आणखी तीनदा छापली. तिन्ही वेळा माझ्या डायरीत ‘मेश्राम सर, नाव’ असं लिहिलेलं होतं आणि तिन्ही वेळा मी ते पुढच्या पानावर ढकललं. सरही कधी भांडले नाहीत. भांडायला हवं होतं त्यांनी! त्यांच्या त्या सज्जनपणाचाही मला राग येतो.

शोकसभेत संचालकांनी ती पुस्तिका उंच धरली आणि सांगितलं, आमच्या संस्थेचं हे पुस्तक सर फार मनापासून शिकवत. शिकवत... मी हार, खुर्च्या, चहा यांची व्यवस्था बघत तिथंच उभी होते. चहाचे कप मोजत राहिले.

गेल्या आठवड्यात सरांच्या मुलीनं त्यांची वही आणून दिली. मूळ वाक्यं. प्रत्येक वाक्याशेजारी ते आणणाऱ्याचं नाव आणि मोहल्ला. सविता, परदेशीपुरा. पान उलटलं तर, ‘द पोहा मस्ट बी ओव्हर बाय नाऊ’ आणि शेजारी, कुंदाजी, कार्यालय. कधीतरी सकाळी सहज म्हटलं असेन, आता पोहे संपले असतील. तेसुद्धा त्यांनी माझ्या नावावर लिहून ठेवलं होतं. अख्ख्या वहीत नाव नव्हतं ते फक्त त्यांचं.

वही घेऊन मी संचालकांकडे गेले. पुस्तिकेवर सरांचं नाव टाका, म्हटलं. ते म्हणाले, “पुढच्या एडिशनला पक्का टाकू, मॅडमजी. आत्ता चारशे प्रती पडल्यात, त्या तर निघू द्या.” माझंच वाक्य मला परत मिळालं. त्याच दुपारी राजवाड्यामागच्या शिक्केवाल्याकडे जाऊन रबरी शिक्का करून आणला. लेखक : प्रल्हाद मेश्राम. पदवी, हुद्दा काही नाही.

दोन दिवस सामानाच्या खोलीत बसून पहिल्या पानावर शिक्के मारले. दुसऱ्या दिवशी संचालक दारात येऊन उभे राहिले.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणीच नाही.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

“मग एकेक प्रत उघडून तुम्ही स्वतः खोडा, सर. मी खोडणार नाही.”

त्यांनी वरची प्रत उघडून शिक्का बघितला. मग गेले. माझ्या बोटांना निळी शाई लागली होती, ती पदराला पुसली आणि पुढची प्रत उघडली.