अजीजच्या ओसरीवरचा घडा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही — आणि ज्यांना आयुष्यभर खरे बोलण्याचे धडे दिले, त्या विद्यार्थ्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. पण सांगितल्यामुळे मी थोडा बरा माणूस ठरतो, असा समज आधीच काढून टाका.

शाळेच्या निरोपसमारंभात माझा एक ठरलेला परिच्छेद असे. शिकत्या वयात वेगळ्या रीतीभातीची माणसे भेटावीत, त्याने मन रुंदावते — आणि उदाहरण म्हणून निजामाच्या राज्यातला माझा वर्गमित्र अजीज. मुले टाळ्या वाजवीत. मी नम्रपणे मान लववीत असे. स्वतःचेच गोड वाक्य ऐकत उभे राहणारा मास्तर — याहून किळसवाणे काही असते का?

परिच्छेदातला तपशील खरा होता. मी मुरुमकडचा, घरात कानडी, बाजारात मराठी. लिंगायत मुलांच्या वसतिगृहात राहून तालुक्याच्या शाळेत जाऊ लागलो, तर सगळे शिक्षण उर्दूत. इमल्याला, म्हणजे श्रुतलेखनाला, मी रोज छड्या खाई. शेजारी बसणारा अजीज मला आपल्या घरी नेऊ लागला. शाळा सुटली की त्याच्या ओसरीवर तो सांगे आणि मी लिही. असे वर्षभर चालले.

आम्ही लिंगायत, मुसलमानाघरचे पाणी आम्हाला चालत नसे. अजीजच्या आईला — सगळे तिला बीबी म्हणत — हे सांगावे लागले नाही. तिने माझ्यासाठी कुंभाराकडून कोरा घडा आणवला, ओसरीच्या एका कोपऱ्यात तिवईवर ठेवला आणि तो भरायला शेजारच्या गंगव्वाला सांगितले. गंगव्वा आमच्याच जातीची. स्वतः बीबीने त्या घड्याला कधी बोट लावले नाही. स्वतःच्या ओसरीवर ती त्याला वळसा घालून चालत असे.

गंगव्वा चिडवायची, “हे पाव्हणं हाय का जावई, बीबी? लई लाड चाललेत!”

“मेहमान है गे,” ती हसे. “बच्चे का धरम हमारे घर में नै बिगडना.”

या घड्याचे मोल मला कळत नव्हते, असे समजू नका. कळत होते — पुरते कळत होते. माझा स्वतःविषयीचा सगळा तिरस्कार तिथूनच सुरू होतो.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी गंगव्वा परगावी गेली होती आणि घडा कोरडा होता. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला घरचा माठ होता. अजीज पुस्तक आणायला आत गेला, तसा मी उठलो आणि त्या माठातले पाणी प्यालो. स्वतःच्या हाताने, दोन पेले. थंडगार होते. रस्त्याने जाणाऱ्या, आमच्याच वसतिगृहातल्या एका मुलाने मला पेला तोंडाला लावताना पाहिले.

संध्याकाळी वसतिगृहाचे गुरू — अय्या — सर्वांसमोर म्हणाले, “खरं सांग. गंगव्वा तर गावात न्हाय. त्यांच्या घरचं पाणी प्यालास का न्हाय?”

खरे सांगितले असते तर काय झाले असते? अय्यांनी चार शब्द सुनावले असते, तीर्थ दिले असते, गळ्यातले लिंग नव्याने बांधले असते. एवढेच. आणि हे मला त्या क्षणीही ठाऊक होते — तरी मी काय म्हणालो?

“मी माझ्याच घड्यातलं प्यालो, अय्या. त्यात त्यांनीच आपलं पाणी भरून ठेवलं व्हतं. मला काय ठावं?”

किती सुबक खोटे! एकही शब्द अडखळला नाही.

दोन दिवसांत गावभर झाले, की बीबी लिंगायतांची पोरे बाटवते. गंगव्वा परतली, तेव्हा विहिरीवर बायांनी तिला घेरले. घडा मीच भरते, दुसरे कोणी हात लावत नाही, असे ती शपथेवर सांगत राहिली. कोणी ऐकले नाही. तिचे त्या घरी जाणे बंद झाले.

मग वर्गात अजीज माझ्या बाकाशी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, “हमारे मटके का पानी पीते अम्मा देखे थे तेरे कू. किसी कू नै बोले, तेरे कू मार पडती करके. अम्मा अब्बी भी नै बोलते. तू बोल ना.”

म्हणजे तिच्याजवळ स्वतःला सोडवणारा शब्द होता — आणि माझ्यासाठी तिने तो गिळला होता.

“सबक़ शुरू होने वाला है, अपनी जगह बैठो,” मी म्हणालो. त्यानेच शिकवलेल्या स्वच्छ उर्दूत.

तो मागच्या बाकावर जाऊन बसला. वार्षिक परीक्षेत इमल्याला मी वर्गात पहिला आलो.

पुढे भाषणांतून मी अजीजची मैत्री सांगितली, त्याची चिकाटी सांगितली. त्याच्या आईचा उल्लेख मात्र एकदाही केला नाही. माणसाला कळते, कोणता तपशील गाळायचा ते — शिक्षकाला तर अधिकच.

त्या घटनेनंतर मी त्या गावात आणखी तीन वर्षे शिकलो. बीबीचे घर वसतिगृह आणि शाळा यांच्या मधोमध होते. मी नदीकडच्या लांबच्या वाटेने जात असे.